दया हवी, अंतरही हवे

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी दिवसाची सुरुवात बाजरीने होत असे. पूर्व दिल्लीतील एका गृहनिर्माण संस्थेत सहाव्या मजल्यावर तिचे घर आहे. मेहुणे गेल्यानंतर बाल्कनीच्या कठड्यावर मूठभर बाजरी टाकल्याशिवाय आणि मातीच्या परळात पाणी भरल्याशिवाय ती चहा घेत नसे. वातानुकूलन यंत्राच्या मागच्या सांदीत पारव्यांच्या एका जोडीने घरटे केले होते. पिल्ले मोठी होऊन उडून जात, आणि महिन्या-दोन महिन्यांत तिथे पुन्हा दोन पांढरी अंडी दिसत. रिकाम्या घरात तिला त्या घुमण्याची सोबत वाटे.

तिला खोकला सुरू झाला तेव्हा कोणाला आश्चर्य वाटले नाही. दिल्लीत खोकल्याचे कारण शोधावे लागत नाही. पहिले वर्ष दम्याच्या पंपावर गेले. दुसऱ्या वर्षी, थुंकीत जंतू सापडले नसतानाही, क्षयरोगाची औषधे सहा महिने चालली. वजन घटत गेले आणि जिना चढणे बंद झाले. अखेरीस छातीच्या विकारांच्या एका तरुण तज्ज्ञाने, फाइल बाजूला ठेवून, आजवर कोणीच न विचारलेला प्रश्न विचारला : घरात किंवा खिडकीपाशी कबुतरे आहेत का? पुढच्या तपासण्यांनी त्याचा संशय खरा ठरला. तोवर तिच्या फुप्फुसांचा काही भाग कायमचा घट्ट झाला होता. आज तिच्या पलंगाशेजारी प्राणवायूचे यंत्र असते.

घरी परतताना तिने मला विचारले, ‘‘मी घातलेल्या दाण्यांनी हे झाले का रे?’’ मला उत्तर देता आले नाही. गप्प राहण्यामागे आणखी एक कारण होते. नोकरीतील उमेदीच्या वर्षांत एका महापालिकेत असताना, वस्तीला लागून असलेली कबुतरांना दाणे घालण्याची जागा हलवावी, असा आरोग्य विभागाचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला होता. ‘लोकभावना विचारात घेता तूर्त यथास्थिती राखावी’, असा शेरा मारून मी ती फाइल परत पाठवली. माझ्या बहिणीच्या आजाराशी त्या शहराचा काही संबंध नाही. पण त्या जागेसमोरच्या इमारतीत कोण राहत होते, त्यांच्यापैकी कोणाला खोकला होता का, हे मी विचारले नव्हते, हे मात्र खरे.

संसर्ग नसलेला आजार

या आजाराला वैद्यकात ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ म्हणतात. मराठीत त्याला अतिसंवेदनशीलतेतून होणारा फुप्फुसदाह म्हणता येईल. कबुतरे पाळणाऱ्यांमध्ये तो आढळल्याचे गेल्या शतकाच्या सातव्या दशकात पाश्चात्त्य वैद्यकीय साहित्यात नोंदले गेले. पारव्याच्या पिसांवर मेणचट भुकटीचा अतिशय बारीक थर असतो. वाळलेल्या विष्ठेतही पक्ष्याच्या शरीरातील प्रथिने असतात. हे कण हवेतून थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. बहुतेकांना त्याने काही होत नाही. परंतु काहींची प्रतिकारयंत्रणा या प्रथिनांना शत्रू समजून त्यांच्याविरुद्ध पेटून उठते आणि त्या लढाईत फुप्फुसच भाजून निघते. संपर्क मोठा असेल, तर चार ते आठ तासांत ताप, खोकला आणि अंगदुखी जाणवते. संपर्क थोडा पण रोजचा असेल, तर तापही येत नाही. दम मात्र हळूहळू कमी होत जातो आणि पुढे दाहाच्या जागी तंतू तयार होतात. वेळीच निदान होऊन संपर्क तुटला, तर रुग्ण बरा होऊ शकतो. तंतू एकदा पक्के झाले की ते मागे हटत नाहीत. औषधांनी फार तर त्यांची वाढ मंदावते.

आपल्या देशातील या आजाराविषयीची सर्वांत महत्त्वाची माहिती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. १९ शहरांतील २७ केंद्रांनी फुप्फुसांच्या अंतर्गत ऊतींच्या विकारांचे १,०८४ रुग्ण नोंदवले होते. त्यांपैकी सुमारे ४७ टक्के रुग्णांमध्ये हाच फुप्फुसदाह आढळला. पाश्चात्त्य देशांतील नोंदींत हे प्रमाण पुष्कळच कमी असते. हा आकडा वाचताना थोडी सावधगिरी हवी. तो सर्वसामान्य लोकसंख्येचा नाही. तज्ज्ञांपर्यंत पोहोचलेल्या, विशिष्ट विकारांच्या रुग्णांचा आहे. दुसरे असे की, या फुप्फुसदाहाच्या जवळपास निम्म्या रुग्णांच्या बाबतीत बोट पक्ष्यांकडे नव्हे, तर एअर कूलरकडे दाखवले गेले. ओलसर गवताच्या ताट्यांत वाढणारी बुरशी हे त्याचे संभाव्य कारण. पक्ष्यांचा क्रमांक त्यानंतरचा. उत्तर भारतात उन्हाळा सरल्यावर बंद पडलेला कूलर खिडकीतच राहतो आणि पारवे त्याच्याच माथ्यावर घरटे करतात. तेव्हा एकाच खिडकीत दोन्ही कारणे नांदत असतात, ही गोष्ट वेगळी. पारव्याला सर्व रोगांचा धनी ठरवणारे आणि त्याच्यामुळे काहीच होत नाही असे म्हणणारे, या दोघांनीही ही माहिती एकदा शांतपणे वाचावी.

घरट्यांच्या शेजारातून येणारे इतर धोकेही आहेत; पण ते एकाच तागडीत तोलू नयेत. पारव्यांच्या जुन्या विष्ठेत ‘क्रिप्टोकॉकस’ नावाची बुरशी वाढते. प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या श्वासात ती गेली, तर मेंदूच्या आवरणाचा दाह होऊ शकतो. पक्ष्यांपासून होणारा ‘सिटॅकोसिस’ हा न्यूमोनियासारखा आजार विरळ आहे. पिल्ले उडून गेल्यावर घरट्यातील माइट नावाचे सूक्ष्म कीटक घरात शिरतात आणि त्यांच्या चाव्याने अंगावर पुरळ उठते. त्रास खरा, पण जीवघेणा नाही. बर्ड फ्लूचा प्रश्न निराळा आहे. भारतात त्याची कोंबड्यांमधील पहिली साथ २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आढळली. २०२१ च्या आरंभी राजस्थान व मध्य प्रदेशात कावळे आणि हिमाचलातील पोंग जलाशयावर पाहुणे हंस मेले, तेव्हा सर्वत्र पक्ष्यांची धास्ती पसरली. पारवे मात्र या विषाणूला तुलनेने कमी बळी पडतात. मेलेला पक्षी उघड्या हातांनी उचलू नये आणि प्रशासनाला कळवावे, एवढी दक्षता तिथे पुरेशी असते. रोजच्या श्वासातून, वर्षानुवर्षे, कोणाच्याही नकळत होणारी हानी आपल्या बाल्कनीतच होत असते. तिची बातमी मात्र होत नाही.

पारवा शहरात का रमला

पारवा मूळचा कड्याकपारींत राहणारा पक्षी. झाडाच्या फांदीपेक्षा त्याला दगडी कंगोरा जवळचा. त्यामुळे सज्जे, पाइपांच्या खोबणी, हवेसाठी सोडलेले डक्ट आणि यंत्रे ठेवण्याच्या चौकटी असलेली आपली उंच इमारत त्याच्या दृष्टीने सोयीने भरलेला कडाच आहे. बहुतेक पक्षी पिल्लांना किडे भरवतात आणि त्यामुळे ऋतूंशी बांधलेले असतात. पारव्याचे नर-मादी दोघेही गळ्याच्या पिशवीत तयार होणारा दुधासारखा स्राव पिल्लांना भरवतात. म्हणून दाणे मिळत राहिले, तर त्याची वीण वर्षभर चालू शकते. दाणे आपणच पुरवतो. जागा आपली आणि अन्नही आपले. मग पारव्याच्या संख्येला आळा बसणार कसा?

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालात, दीर्घकालीन कल तपासता आलेल्या ३३८ प्रजातींपैकी ६० टक्के घटल्याचे दिसले. ज्या थोड्या प्रजाती वाढत आहेत, त्यांत पारवा आहे. दिल्लीने २०१२ मध्ये चिमणीला राज्यपक्षी घोषित केले. पण दिल्लीच्या चौकाचौकांत पोत्यांनी ओतले जाणारे धान्य प्रामुख्याने पारव्यांच्याच पोटात जाते. तेव्हा हे दाणे निसर्गरक्षणाचे काम करतात, असे म्हणता येत नाही. ते एका आधीच यशस्वी झालेल्या प्रजातीला आणखी यशस्वी करतात.

जुन्या व्यवस्थेतील शहाणपण

पक्ष्यांना दाणे घालणे ही आपली जुनी आणि सुंदर रीत आहे, याविषयी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला शंका नाही. अबुल फजलने अकबराच्या दरबारातील वीस हजारांहून अधिक कबुतरांची नोंद केली आहे. बादशाह त्या छंदाला ‘इश्कबाजी’ म्हणत असे. लाल किल्ल्यासमोरच्या जैन मंदिराच्या आवारातील पक्ष्यांचे रुग्णालय आजही जखमी पारव्यांवर विनामूल्य उपचार करते. ज्या संस्कृतीने हे उभारले, तिला करुणा शिकवण्याची गरज नाही.

पण जुन्या काळी ही करुणा कोठे आणि कशी व्यक्त होत असे, हेही पाहिले पाहिजे. गुजरातमधील चबुतरा आठवावा. अहमदाबादच्या पोळांत, गावांच्या चौकांत, एका उंच खांबावर कोरीव छत्री उभी असते. दाणे वर आणि माणसे खाली. संपूर्ण वस्तीसाठी एकच जागा असते, तीही मोकळ्या हवेत. दाणे घालणाऱ्याचे पुण्य आणि पक्ष्याचे पोट, दोन्ही साधत असे. परंतु पक्षी कोणाच्या निजायच्या खोलीच्या खिडकीत येत नसे. बांधणाऱ्यांना फुप्फुसदाहाचे शास्त्र ठाऊक नव्हते. मात्र पक्ष्याला त्याची जागा द्यावी आणि ती आपल्या जागेपासून वेगळी असावी, ही समज त्या रचनेत आहे.

कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यातले कोक्करेबेल्लूर हे गाव याचे दुसरे उदाहरण. तिथे रंगीत करकोचे आणि झोळीवाले पाणपक्षी, म्हणजे पेलिकन, पिढ्यान्‌पिढ्या गावातल्या चिंचेच्या झाडांवर घरटी करतात. विणीचा हंगाम काही महिन्यांचा असतो. झाडाखालची विष्ठा गावकरी खत म्हणून शेतात नेत आले. घरट्यांमुळे चिंचेचे उत्पन्न बुडते, म्हणून वनखाते झाडांच्या मालकांना मोबदला देते. २००७ मध्ये या परिसराला सामुदायिक राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. २०१७ च्या अखेरीस तिथे पेलिकन मरू लागले, तेव्हा तपासणीत कृमींचा प्रादुर्भाव आढळला. गावाचे लक्ष होते, म्हणूनच ते मृत्यू नजरेतून सुटले नाहीत. या सहजीवनात प्रेम आहेच. पण त्यासोबत हंगाम आहे, उंची आहे, साफसफाई आहे आणि हिशेबही आहे. शहरातील बाल्कनीत यांपैकी एकही गोष्ट उरलेली नाही. तिथे वीण बारमाही आणि घरटे श्वासाच्या अंतरावर. विष्ठा यंत्रामागे वाळत राहते, आणि तीच हवा पडदे हलवत खोलीत येते.

एकाच संस्थेची दोन कर्तव्ये

मुंबईतील कबुतरखान्यांचा २०२५ चा वाद मराठी वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. न्यायालय, महापालिका, श्रद्धावान आणि रहिवासी, सर्वच रस्त्यावर किंवा कठड्यात उभे राहिले. त्याच वर्षी दिल्लीतही हा विषय राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला. दोन्ही ठिकाणी वादाची मांडणी ‘दया विरुद्ध आरोग्य’ अशी झाली. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला ही मांडणी सदोष वाटते.

राज्यघटना काय सांगते ते पाहू. सजीवांविषयी करुणा बाळगणे हे अनुच्छेद ५१-क नुसार नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे अनुच्छेद ४७ नुसार राज्याचे आद्य कर्तव्य आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येणाऱ्या विषयांची यादी आहे. तिच्यात सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता आहे, आणि प्राण्यांना क्रौर्यापासून वाचवणेही आहे. म्हणजे घटनेने ही दोन कर्तव्ये दोन विरोधी पक्षांना वाटून दिलेली नाहीत. एकाच स्थानिक संस्थेच्या हाती ती एकत्र ठेवली आहेत. त्यांचा मेळ घालणे हे तिचे काम. ते तिने केले नाही, की प्रकरण न्यायालयात जाते आणि न्यायालयाला बहुधा ‘चालू’ किंवा ‘बंद’ यांपैकीच एक सांगावे लागते.

कायद्यातील दुसरी पोकळी अधिक सूक्ष्म आहे. आपले साथरोगविषयक कायदे आणि दंडविधानातील तत्सम कलमे ‘संसर्ग’ या कल्पनेवर उभी आहेत. पारव्यामुळे होणारा फुप्फुसदाह हा संसर्गच नव्हे. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. क्षयरोगाची नोंद २०१२ पासून बंधनकारक आहे, याची नाही. मानव, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्रित विचार करणारी ‘वन हेल्थ’ मोहीम केंद्राने हाती घेतली आणि तिच्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची कोनशिला डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरला बसवली, हे स्वागतार्ह आहे. परंतु तिचाही भर स्वाभाविकपणे प्राण्यांकडून येणाऱ्या संसर्गांवरच आहे. जो आजार कोणत्याही रकान्यात बसत नाही, तो मोजला जात नाही. आणि जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी निधीही नसतो, धोरणही नसते. मग एखाद्या अधिकाऱ्याला ‘यथास्थिती राखावी’ असे लिहिणे सोपे जाते.

काय करता येईल

पारवे मारणे हा उपाय नाही. तो क्रूर आहेच, शिवाय निष्फळही आहे. स्वित्झर्लंडमधील बाझल शहराने १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख पारवे मारले. संख्या होती तिथेच राहिली. मेलेल्यांची जागा नवी पिल्ले भरून काढत होती, कारण अन्न तेवढेच होते. १९८८ पासून शहराने मार्ग बदलला. दाणे घालण्याने पक्ष्यांचेच कसे हाल होतात, दाटीत पिल्ले रोगांनी कशी मरतात, हे नागरिकांना समजावले. देखरेखीखालील मोजकी खुराडी उभारून तिथली अंडी काढली. सुमारे चार वर्षांत थव्यांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. पक्ष्यांची संख्या बंदुकीने नव्हे, तर अन्नाने ठरते, हा त्याचा धडा आहे.

आपल्या शहरांना यातून एक मध्यम मार्ग सापडू शकतो. दाणे घालण्याच्या जागा निश्चित कराव्यात. त्या घरे, शाळा आणि रुग्णालये यांपासून दूर, मोकळ्या हवेत असाव्यात. दाण्यांची वेळ आणि प्रमाण ठरवून द्यावे आणि ते क्रमाने कमी करावे. एका रात्रीत दाणे बंद केल्यास भुकेले थवे आसपासच्या खिडक्यांकडे वळतील आणि लोकभावनाही दुखावेल. हा बदल मंदिरे, व्यापारी मंडळे आणि पक्षीमित्र यांना बरोबर घेऊनच व्हावा. ज्या समाजाने पक्ष्यांसाठी रुग्णालय बांधले, तो नवा चबुतरा कोठे असावा, याचा निर्णय घेण्यात नक्कीच सहभागी होईल.

दुसरे काम इमारतींच्या नियमांचे आहे. सज्जाला उतार, डक्टच्या तोंडाला पक्की जाळी, यंत्रांच्या चौकटीमागे मोकळी फट न ठेवणे, या गोष्टी बांधतानाच केल्या, तर खर्च नगण्य असतो. नंतर बसवलेली सैल नायलॉनची जाळी पक्ष्यांच्या पायांचा फास होते. ती ताणूनच बसवावी. घरट्यात अंडी किंवा पिल्ले असतील, तर ती उडून जाईपर्यंत थांबावे आणि लगेच जागा बंद करावी. त्याने कायद्याचा मानही राहतो आणि माणुसकीचाही.

तिसरे काम साफसफाईचे. वाळलेली विष्ठा कोरडी झाडणे हे सर्वांत धोक्याचे. आधी पाण्याने पूर्ण भिजवावी, मुखपट्टी व हातमोजे घालावेत, आणि ज्याला आधीच खोकला वा दमा आहे त्याने ते काम करूच नये. आपल्या सोसायट्यांत हे काम कोण करते, याकडेही पाहावे. महिन्याकाठी तुटपुंज्या पगारावर डक्ट साफ करणाऱ्या माणसाला साधी मुखपट्टीही मिळत नाही, आणि त्याच्या खोकल्याची नोंद कोणत्याही केंद्रात होत नाही.

चौथे काम सर्वांत स्वस्त आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत, दोन महिन्यांहून अधिक खोकला असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर तीन प्रश्न छापावेत : घराजवळ पक्षी घरटी करतात का? कूलर वापरता का? घरात ओल किंवा बुरशी आहे का? क्षयरोगाच्या शोधासाठी देशाने उभारलेली यंत्रणा गावोगाव पोहोचली आहे. ज्यांच्या थुंकीत जंतू सापडत नाहीत आणि औषधांनी ज्यांना उतार पडत नाही, त्यांना हे तीन प्रश्न विचारण्यासाठी नवे खाते लागत नाही.

माझ्या बहिणीच्या बाल्कनीला आता काचेचे दार आहे. यंत्रामागची जागा स्वच्छ करून बंद केली, पण पक्ष्यांचे कण घरात कित्येक महिने टिकतात, म्हणून पडदे, गालिचा आणि पिसांच्या उश्याही गेल्या. बाजरीचे पैसे ती दर महिन्याला चांदणी चौकातील त्या पक्ष्यांच्या रुग्णालयाला पाठवते. सकाळी काचेपलीकडे पारवे येऊन बसतात, थोडा वेळ वाट पाहतात आणि उडून जातात. परवा तिने मला पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, ‘‘दाण्यांनी नाही, ताई. ते कोठे घालावेत, हे सांगण्याचे काम ज्यांचे होते, त्यांनी ते सांगितले नाही.’’ त्यांच्यात मीही होतो, हे मी त्या दिवशी तिला सांगितले.